पवित्र जीवन बाहेरून ओळखता येतं का? (स्थळ आलंय, त्यावरून प्रश्न)

नगरची_पोर

सगळ्यांना सलाम. प्रश्न थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची नगरची, सध्या नोकरीला पुण्यात. घरचे सगळे जुन्या मिशनच्या चर्चमधले, पणजोबांपासून. म्हणजे ख्रिसमसला करंज्या, ईस्टरला पहाटेची उपासना, आई महिला मंडळात, पप्पा एकेकाळी चर्च कमिटीत, असं आपलं नेहमीचं घर. मागच्या महिन्यात एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, बोलायला बरा, पण त्यांचं कुटुंब दुसऱ्या मंडळीत जातं, जिथे दागिने अजिबात चालत नाहीत, बायका पांढऱ्या साडीत, सिनेमा नाही, टीव्ही पण नाही.

मुलाची आई घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी काय बघितलं असेल तर माझे कान. माझ्या कानात आजीच्या मोत्याच्या कुड्या होत्या, आजी गेल्यापासून मी त्या काढलेल्या नाहीत. मग आईच्या मंगळसूत्राकडे बघितलं (आमच्याकडे काळी पोत आणि मधे क्रूस असतो ना, तसलं). चहा होईपर्यंत काही बोलल्या नाहीत, आणि कप खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे, पण विश्वासणाऱ्याचं जीवन बाहेरून दिसलं पाहिजे. पवित्रता आतली म्हणून झाकून ठेवता येत नाही." रागाने नाही म्हणाल्या, अगदी सौम्यपणे, त्यामुळे मला जास्तच लागलं. लग्न ठरलं तर कुड्या काढशील का असं सरळ विचारलं.

पप्पांनी लगेच बायबलमधलं शमुवेलाचं वचन काढलं, माणूस बाहेरचं बघतो पण परमेश्वर हृदय बघतो. त्यावर त्या म्हणाल्या की फळांवरून झाड ओळखाल हे पण प्रभूनेच सांगितलंय. पप्पा गप्प.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. कुड्यांचं सोडा, तो भाग वेगळा. पण खरंच पवित्रता बाहेरून ओळखता येते का? येत असेल तर कशावरून? आणि येत नसेल तर आपण एखाद्याला "देवमाणूस" म्हणतो ते कशाच्या जोरावर? भांडण नकोय, अनुभव सांगा.

साक्षीदार_७७

प्रभूची स्तुती असो ताई. मी त्या "दुसऱ्या मंडळी"तलाच समजा, म्हणून आमची बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे नाहीतर इथे सगळे तुमच्या पप्पांच्याच बाजूने लिहितील.

माझे वडील दारू प्यायचे. थोडीफार नाही, पगाराच्या दिवशी आई आम्हाला घेऊन शेजारच्या काकूंकडे झोपायला जायची एवढी. मी सातवीत असताना कुणीतरी त्यांना सभेला नेलं आणि त्या रात्री ते घरी आले ते सरळ चालत आले. आम्ही तिघंही भावंडं जागेच होतो, पावलांच्या आवाजावरून कळायचं ना आज काय होणार ते, त्या दिवशी पाऊल सरळ पडत होतं. दुसऱ्या दिवसापासून पांढरा शर्ट. आठवडाभराने ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेले आणि म्हणाले तुमची उधारीची वही काढा. त्याने काढली. वडील म्हणाले यात माझं जेवढं लिहिलंय त्यापेक्षा जास्त आहे, मी दोनदा तेलाचा डबा न सांगता नेलाय, तो पण लिहा. दुकानदार मारवाडी माणूस, त्याला प्रभू येशूबद्दल काही माहीत नाही, पण तो आजही आमच्याकडे बघून म्हणतो यांच्या घरात देव आला होता.

मला सांगा, हे बाहेरून दिसलं की नाही? बायबलमधला तो लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय पण झाडावरून उतरून "माझ्या हृदयात बदल झाला" एवढंच म्हणून थांबला नाही, चौपट परत करतो म्हणाला. बायबलमधल्या इब्रीकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तर स्पष्ट आहे, पवित्रतेशिवाय कोणी प्रभूला बघणार नाही. हे सगळं "आतलं आहे, आतलं आहे" म्हणत बसायची सवय आपल्या जुन्या चर्चेसना लागलीय, राग मानू नका, पण आत काय आहे ते बघायला कोणी येत नाही म्हणून तिथे लपणं सोपं पडतं.

पांढऱ्या कपड्यांचं म्हणाल तर वडिलांसाठी तो शर्ट उपयोगी पडला. पांढरा शर्ट घालून गुत्त्यावर जाता येत नाही, लोक हसतात. बस, एवढंच. तो शर्ट म्हणजे पवित्रता नव्हती, कुंपण होतं. आता ज्याच्या शेतात गुरं शिरतच नाहीत त्याने कुंपण घालावं का हा प्रश्न मी पण आमच्या पास्टरांना विचारलाय, उत्तर मिळालं नाही.

गासचा_भाऊ

मी वसईकडचा, कॅथलिक. आमच्या चर्चने या प्रश्नावर चक्क ऑफिस थाटलंय रोममध्ये, म्हणून लिहितो.

लोकांना वाटतं पोपच्या मनात आलं की संत करतात. तसं नाहीये. माणूस मेल्यावर साधारण पाच वर्षं फाईलच उघडत नाहीत, म्हणजे लोकांचा उमाळा ओसरू द्यायचा. मग साक्षीदार, पत्रं, लिहिलेला कागद न् कागद तपासायचा. विश्वास, आशा, प्रीती आणि शहाणपण, न्याय, धैर्य, संयम हे सगळं त्या माणसात नेहमीपेक्षा वरच्या पातळीवर होतं का ते बघायचं. त्यानंतर धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणायला एक चमत्कार आणि संत म्हणायला अजून एक, हुतात्मा असेल तर पहिल्याची सूट. पूर्वी तर विरोधात बोलायला एक अधिकारीच नेमलेला असायचा, लोक त्याला सैतानाचा वकील म्हणायचे, १९८३ च्या सुधारणेत ती पद्धत बदलली.

आता यातली गंमत बघा. एवढं सगळं करायचं ते माणूस मेल्यावर. जिवंतपणी "हा पवित्र" असा शिक्का आमचं चर्च कुणावरच मारत नाही, कितीही दिसत असलं तरी. शेवटच्या दिवशीसुद्धा घसरता येतं ना माणसाला.

आणि जिवंतपणी ओळखायला गेलं की काय होतं त्याचं उदाहरण आमच्याच गावाकडचं आहे. संत गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, भारतात जन्मलेला पहिला संत. तो पोरवयात जेज्युइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, त्यांच्या हाताखाली धर्मशिक्षण द्यायचं काम केलं. त्याची फार इच्छा होती की आपल्याला संघात घ्यावं. नाही घेतलं. मग तो व्यापारी झाला, दुकानं टाकली, पैसा कमावला, शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन नावाच्या दुसऱ्या संघात साधा ब्रदर म्हणून राहिला, फादर नाही हं, ब्रदर. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीला २६ जणांना क्रूसावर चढवून मारलं त्यात तो. संत म्हणून जाहीर केलं १८६२ साली. म्हणजे जे लोक दिवसरात्र त्याच्या सोबत होते, स्वतः धार्मिक होते, शिकलेले होते, त्यांना समोर बसलेला संत दिसला नाही. मग स्थळ बघायला आलेल्या बाईंना अर्ध्या तासात काय दिसणार?

मदर तेरेसांचं तर उलटंच. बाहेरून सगळ्या जगाला दिसत होतं, पण त्यांची पत्रं २००७ मध्ये बाहेर आली तेव्हा कळलं की आत कित्येक वर्षं नुसता काळोख होता, देव जवळ आहे असं वाटतच नव्हतं. तरी पहाटे उठून प्रार्थना आणि मग रस्त्यावर. आतलं बघून ठरवलं असतं तर त्या स्वतःच स्वतःला नापास करून मोकळ्या झाल्या असत्या.

बाय द वे मी २०२४ च्या डिसेंबरात जुन्या गोव्याला शवप्रदर्शनाला गेलो होतो, संत फ्रान्सिस झेवियरचं, दहा वर्षांनी होतं ते. तीन तास रांगेत. माझ्या पुढे एक म्हातारी होती, चप्पल तुटलेली, ती हातात धरून चालत होती. रांग पुढे सरकली तेव्हा तिने मागच्या एका पोटुशा बाईला आपल्या पुढे घेतलं, मग अजून एका लहान मूलवाल्या बाईला, मग मला पण म्हणाली तू जा बाबा, मला घाई नाही. देह कुजला की नाही यावरून आता कुणाला संत ठरवत नाहीत, पण आम्ही सगळे तिथे तोच बघायला उभे होतो. माझ्या लक्षात राहिलीय ती चप्पल.

शब्दवेडा

दोन-तीन मुद्दे फक्त.

एक. "फळांवरून ओळखाल" हे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात खोट्या संदेष्ट्यांबद्दल आहे. मेंढराचं कातडं पांघरून येणारे लांडगे. म्हणजे प्रभू सांगतोय की कपड्यावर जाऊ नका! त्याच वचनाने कुड्या काढायला सांगणं म्हणजे कमालच आहे. आणि त्याच अध्यायाची सुरुवात दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाने होते, ती कुणी सांगत नाही.

दुसरं. प्रेषित पौल आपल्या पत्रात ज्यांना "पवित्र जन" म्हणतो ते कोण होते ते बघा. करिंथ शहरातली मंडळी. आपसात गट, एकमेकांवर कोर्टात केसेस, प्रभुभोजनाला काहीजण उपाशी आणि काहीजण पिऊन तर्र. तरी पत्राच्या सुरुवातीलाच त्यांना पवित्र म्हटलंय. कारण इब्रीत पवित्र याचा मूळ अर्थच वेगळा काढलेला, देवासाठी राखून ठेवलेला असा आहे. मंदिरातली भांडी पण पवित्रच. भांड्याने काही केलेलं नसतं.

आणि खरा घोळ आपल्या भाषेत आहे. मराठी माणसाला "पवित्र" म्हटलं की सोवळं आठवतं. शिवू नको, हात धू, हे चालतं हे चालत नाही. रेव्हरंड टिळकांनी (कवी ना. वा. टिळक, जन्माने ब्राह्मण) १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली, मधली वर्षं त्या बाईने किती ओढाताण सोसली, आणि त्यातला मोठा भाग सोवळ्याचाच होता. आपण ओवळ्याची यादी बदलली फक्त. पूर्वी कांदा-लसूण होतं, आता कानातलं आणि सिनेमा.

साक्षीदार_७७

शब्दवेडा भाऊ, मुद्दे चांगले आहेत पण करिंथकरांना पौलाने नुसतं पवित्र म्हणून सोडलं नाही, पुढचं अख्खं पत्र त्यांना झापलंय. ते पण सांगा. भांडं पवित्र असलं तरी त्यात दारू ओतत नाहीत.

शब्दवेडा

मान्य. हे चांगलं बोललात.

केडगावची_मावशी

बाळा, मी उशिरा वाचलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यामुळे नातवाला सांगून टाईप करून घेतेय, चुका त्याच्या.

सोवळ्याचं वरती कोणी लिहिलंय ते अर्धंच लिहिलंय. ते ओढाताण झालेल्या ब्राह्मणाच्या घरातून बघितलेलं सोवळं. आम्ही दुसऱ्या बाजूचे. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. का? तर बाहेरून ओळखता येत होतं ना कोण पवित्र आणि कोण अपवित्र! नावावरून, घर कुठल्या आळीत आहे त्यावरून, लांबूनच. कुणाला आत काय आहे ते विचारायची गरज पडली नाही. म्हणून मला कुणी म्हटलं ना की पवित्रता बाहेरून दिसलीच पाहिजे, तर आधी माझ्या पोटात गोळा येतो, मग मी ऐकते.

पण साक्षीदार म्हणतो ते पण खरं आहे. दिसतं. मी बघितलंय.

आमच्याकडे पंडिता रमाबाईंच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठ्या झालो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन पोरी घेऊन आल्या, नुसते हाडांचे सापळे, अंगात उवा, तोंडात शिव्या. त्यांना न्हाऊमाखू घालायचं, शिकवायचं, जेवायला घालायचं. १९०५ ला त्यांच्या इथल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं, पोरी रडायच्या, मोठ्याने पापं कबूल करायच्या, लोक लांबलांबून बघायला यायचे. ते सगळं दिसणारंच होतं. पण मला सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू का? या बाईने स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्मा घेतला, १८८३ ला विलायतेत, तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो मिळायला पुढे आठ वर्षं गेली. आता बघ, त्या आठ वर्षांत बाहेरून काय कमी होतं? शिकलेली बाई, विधवांसाठी शाळा काढलेली, अमेरिकेत भाषणं केलेली. मंडळीत कुणालाही विचारलं असतं तर म्हणाले असते पवित्र बाई. ती म्हणाली, नव्हतं. आणि हे तिने लपवलं नाही.

नंतर शेवटची वर्षं त्या बायबलचं मराठी करत बसल्या, त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकल्या, मिशनच्याच छापखान्यात पोरी खिळे जुळवायच्या. एकुलती एक लेक १९२१ ला गेली. स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. कानाने ऐकू येत नव्हतं तेव्हा फारसं. यात चेहऱ्यावर तेज वगैरे काही नाही बाळा, टेबलाशी बसून काम आहे.

तेजावरून आठवलं. मोशे देवाला भेटून डोंगरावरून खाली आला तेव्हा त्याचा चेहरा चमकत होता, पण बायबलच्या निर्गम पुस्तकात लिहिलंय की त्याला स्वतःला ते माहीतच नव्हतं. आणि मत्तय पंचविसात ज्यांना राजा, मी भुकेला असताना मला जेवू घातलंत म्हणून शाबासकी देतो, ते गोंधळून विचारतात, प्रभो, आम्ही तुला कधी भुकेला बघितला? त्यांना आठवतच नाही. माझी आपली समजूत अशी आहे की पवित्रता दिसते, पण ज्याच्यात आहे त्याला सोडून बाकीच्यांना दिसते, आणि बाकीच्यांतही ज्याच्याकडून काही मिळायचं नाही अशा माणसाला आधी दिसते. मोलकरणीला. घरातल्या आजारी माणसाला. सुनेला. चर्चमधल्या लोकांना सगळ्यात शेवटी, कारण तिथे आपण सगळे इस्त्री करून जातो. मोहोर तर सगळ्याच आंब्यांना येतो गं, किती टिकतो ते वारं सुटल्यावर कळतं.

तेव्हा वचनांवर वाद घालत बसू नकोस. त्यांच्या घरी जा. रविवारी नाही, मधल्या वारी जा, आणि कळवून जाऊ नकोस. भांडी घासायला येणाऱ्या बाईला चहा कुठल्या कपात देतात ते बघ. मुलगा आईशी कसा बोलतो, आणि आई त्याच्याशी कशी. आणि कुड्या घालून जा.

नगरची_पोर

मावशी, डोळ्यात पाणी आलं. जाते. कळवते.

वाचक_पुणेकर

न कळवता भावी सासरी जायचं? मावशी डेंजर आहेत.

नगरची_पोर

(बारा दिवसांनी)

गेले होते. मंगळवारी, ऑफिसमधून लवकर निघून. आईला घेऊन गेले, एकटी जायची हिंमत नव्हती. कारण काय सांगायचं म्हणून आईने येताना शेंगदाण्याचे लाडू आणले होते.

बेल वाजवल्यावर बराच वेळ कुणी दार उघडलं नाही. मग मुलाच्या आईने उघडलं, पांढरी साडी पण पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. म्हणाल्या या, बसा, पाच मिनिटं द्या मला. आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाई आहेत, चार वर्षं झाली अंथरुणाला खिळून, हे आम्हाला स्थळ आलं तेव्हा कुणी बोललं पण नव्हतं. दार अर्धं उघडं होतं. त्या म्हातारीला स्वच्छ करत होत्या आणि म्हातारी त्यांना इतक्या घाणेरड्या शिव्या देत होती की माझ्या आईने मान खाली घातली. भ्रमिष्ट झाल्यात म्हणे. आणि या बाई शिवी आली की म्हणायच्या, "हो आत्या, झालं आत्या, आता ही कूस." आवाज अगदी तोच, जो आमच्याकडे कुड्यांबद्दल बोलताना होता. मला वाटलं होतं की तो सौम्यपणा आम्हाला दाखवायला आणलेला आहे.

भांडी घासायला बाई येतच नाही त्यांच्याकडे. सगळं त्याच करतात. त्यामुळे मावशी, कपाची परीक्षा घेता आली नाही.

हात धुऊन आल्या, लाडू खाल्ला, चांगला झालाय म्हणाल्या. आणि परत विचारलं, कुड्यांचं काय ठरवलंस. म्हणजे त्या मुद्द्यावर बाई तसूभर हलल्या नाहीत. मी म्हटलं, काढणार नाही, आजीच्या आहेत. त्यांनी जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आजी कशी होती तुझी?" मग मी आजीबद्दल बोलत राहिले, अर्धा तास तरी.

त्यांचं दागिन्यांबद्दलचं म्हणणं मला अजिबात पटत नाही, आजही नाही. पण त्या खोलीत जे बघितलं ते पण खोटं म्हणता येत नाही. दोन्ही एकाच बाईत आहे, आता काय करू.

साक्षीदार_७७

ताई, आणि मुलगा? मुलाचं काहीच नाही लिहिलंत.

नगरची_पोर

मुलगा घरीच होता, वर्क फ्रॉम होम. पूर्ण वेळ हॉलमध्ये सोफ्यावर मोबाईलवर. आतून आईने दोनदा हाक मारली, जरा आत्याला धर म्हणून. "हो आलो" म्हणाला. माझी आईच उठून आत गेली शेवटी.

केडगावची_मावशी

मग होकार सासूला दे आणि नकार मुलाला. हे नातवाने टाईप केलंय पण मीच म्हणतेय.

गासचा_भाऊ

हाहा. मावशी, रोमच्या ऑफिसात जागा निघाली तर तुमचं नाव पाठवतो.